कॅबिनेट टेबलावर, आवाज कानाशी: कॉम्प्युटरसाठी शांत फॅन कसे निवडायचे

सांगलीत नदीच्या अंगाला राहणारा माणूस कॉम्प्युटरचं कॅबिनेट सहसा जमिनीवर ठेवत नाही. २००५, २०१९ आणि २०२१, तीन पुरांनी लावलेली ही शिस्त. पाणी खरंच घरात शिरलं तर टेबलही वाचत नाही, पण सवय ती सवय. त्यामुळे आमचं कॅबिनेट मॉनिटरशेजारी, कानापासून दीड-दोन फुटांवर असतं. टेबलाखाली असताना जो आवाज कधी लक्षातही आला नव्हता, तो वर आल्यावर रात्री डोक्यात घुमायला लागतो.

आमच्या घरी हे प्रकरण गाण्यापर्यंत गेलं. मुलगी मिरजेत एका बाईंकडे गाणं शिकते. मधल्या दिवसांचा रियाज रेकॉर्ड करून पाठवायचा असा रिवाज. एकदा बाईंचा फोन आला, "गळा चांगला लागलाय हो, पण खाली कोमल रिषभ धरून कोण बसलंय?" मुलीची पट्टी काळी चार. मी तंबोऱ्याचं ॲप बघितलं, माइक बदलून बघितला, सीलिंग फॅन बंद केला. शेवटी कॅबिनेटच्या मागच्या फॅनला कान लावला तेव्हा चोर सापडला. फॅन सात पात्यांचा आणि मिनिटाला ९५० फेऱ्या. ९५० गुणिले ७ भागिले ६०, म्हणजे सेकंदाला साधारण १११ कंपनं. काळी चारचा खालचा सा १०४ च्या आसपास, आणि त्याचा कोमल रिषभ बरोबर १११ च्या घरात! बाईंचा कान एका श्रुतीनंही चुकला नव्हता. जिथे पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढल्या जातात त्या गावच्या माणसाला, खोक्यावर "सायलेंट" छापलंय एवढ्यावर कोण पटवणार?

त्यानंतर मी तीन कॅबिनेट शांत केली. एक घरचं, एक मार्केट यार्डात मी जिथे हिशेब बघतो त्या आडत दुकानातलं, आणि एक मेहुण्याचं. फॅन शांत असतो तो मुख्यतः हळू फिरतो म्हणून, हे त्या तिन्हीत कळलं. तेव्हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच करायचा की फॅन हळू फिरला तरी आतली उष्णता बाहेर पडली पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबानं वाचा.

आधी चोर ओळखा

नवीन फॅन मागवायच्या आधी, आवाज फॅनचाच आहे का आणि कुठल्या फॅनचा, हे ठरवा. रात्री खोलीतला पंखा बंद करा, कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकण-पट्टी काढा आणि वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला, दुसरं एकेका भागाजवळ न्या. पाती सुरळीला लागू देऊ नका. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं चालतं हे, घरातले हसतात ते सोडा.

आवाजाच्या जातीवरून बरंच कळतं. नुसता हवेचा "सूं" असेल तर फॅन जास्त वेगानं फिरतोय. एका सुरातली गुणगुण असेल तर ती पात्यांची, किंवा पत्रा सोबत थरथरतोय. टकटक येत असेल तर दहापैकी नऊ वेळा एखादी वायर पात्याला लागतेय. फुकटात सुटणारं दुखणं. खरखर किंवा दळण दळल्यासारखा आवाज म्हणजे बेअरिंग संपत आलंय, तो फॅन बदलायचाच. आणि गेम सुरू केल्यावर किंवा स्क्रीनवर पान सरकवताना बारीक किरकिर बदलत असेल, तर ती फॅनची नसून ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, यांतल्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची). तिच्यावर जगातला कुठलाही फॅन उपाय नाही. जुनी ३.५ इंची हार्ड डिस्क असेल तर तिचाही गुरगुराट असतो. मेहुण्याच्या कॅबिनेटमध्ये अर्धा आवाज तिचाच निघाला. त्या जागी एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क, बसवली आणि तेवढा गेला.

नक्की करायचं असेल तर कॉम्प्युटर बंद करून एकेका कॅबिनेट फॅनची वायर काढा, पुन्हा सुरू करून ऐका. प्रोसेसरवरचा फॅन मात्र काढून चालवू नका. बहुतेक मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडले जातात तो आतला मुख्य बोर्ड) त्या हेडरवर, म्हणजे फॅनची वायर खोचायच्या पिनांवर, फॅन दिसला नाही की सुरू होतानाच अडवतात, आणि नाही अडवलं तरी आपण ते करू नये. एसएमपीएसही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरसुद्धा त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते. त्याचा फॅन बिघडला असेल तर अख्खा एसएमपीएस बदला.

मग झाडू

यार्डातलं कॅबिनेट उघडलं तेव्हा आतली धूळ पिवळी होती. हळदीचे सौदे सुरू झाले की जानेवारी-फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत ती बारीक पूड सगळीकडे बसते, आणि प्रोसेसरच्या कूलरच्या (त्याच्यावर बसवलेल्या, उष्णता ओढून घेणाऱ्या भागाच्या) पातळ पत्र्यांमध्ये तर पापड वाळवल्यासारखा थर धरते. हवेला जायला वाट उरत नाही, प्रोसेसर तापतो, मदरबोर्ड फॅनला पळवतो, आणि आपण म्हणतो फॅन खराब झाला. ते कॅबिनेट नुसतं साफ केलं आणि गप्प झालं. नवीन खर्च शून्य.

साफ करताना प्लग काढा, कॅबिनेट गॅलरीत न्या, ब्लोअर वापरा पण पाती बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या झोतानं फॅन भिंगरीसारखा फिरला की बेअरिंगची वाट लागते. ओलं फडकं फक्त बाहेरच्या जाळीला आणि सुट्या काढलेल्या फॅनच्या पात्यांना. प्रोसेसरचा कूलर पाच-सहा वर्षांत उचललाच नसेल तर तो काढून जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारा मधला लेप, पुसून नवी लावा. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, शिऱ्यावर तूप सोडल्यासारखी ओतू नका.

तापमान लिहून ठेवा

हे लोक टाळतात आणि मग नव्या फॅननं फायदा झाला की नाही यावर वाद घालतात. एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर घ्या. कॉम्प्युटर रिकामा बसलेला असताना आणि तुमचं नेहमीचं जड काम अर्धा तास चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान, तसंच प्रत्येक फॅनच्या फेऱ्या वहीत लिहा. सोबत खोलीचं तापमानही लिहा. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो. ३८ अंशांच्या खोलीतली हवा ओढून कुठलाही फॅन प्रोसेसरला ३५ वर आणू शकत नाही. म्हणून आकडा बघताना खोलीपेक्षा किती अंश वर, तो फरक बघायचा. जानेवारीतलं माप मेमधल्या मापाशी तुलना करून उगाच घाबरायचं नाही.

किती चालतं? इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांजवळ गेल्यावर स्वतःच वेग कमी करतात, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच ९५ ला. जड कामात ७५-८० दिसलं तर ते दुखणं नाही. नवखा माणूस ५५ अंश टिकवण्यासाठी फॅन पळवतो आणि मग आवाजाची तक्रार करतो. दहा-पंधरा अंश सोडून द्यायची तयारी ठेवलीत तर शांततेचं अर्धं काम तिथेच होतं.

माप: जेवढा मोठा तेवढा बरा

कॅबिनेटचे फॅन मुख्यतः ८०, ९२, १२० आणि १४० मिलिमीटरचे असतात, जाडी बहुतेकांची २५. हे माप चौकटीच्या बाहेरच्या कडेचं आहे. घरी मोजताना गोल भोक मोजू नका, स्क्रूच्या दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर मोजा. ते १०५ मिलिमीटर आलं तर फॅन १२० चा, १२४.५ आलं तर १४० चा, ८२.५ तर ९२ चा आणि ७१.५ तर ८० चा. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते.

मोठ्या फॅनचा फायदा किती, ते बघा. एकाच घडणीच्या फॅननं ढकललेली हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८० चा फॅन २,५०० फेऱ्यांत जेवढी हवा ढकलेल, तेवढी १२० चा फॅन साधारण ७५० फेऱ्यांतच ढकलतो. आणि फेऱ्या कमी झाल्या की आवाज हवेपेक्षा कितीतरी जोरात खाली येतो. वेग २० टक्के कमी केला तर हवा २० टक्केच कमी होते, पण आवाज सुमारे ५ डेसिबल उतरतो. वेग निम्मा केला तर सुमारे १५ डेसिबल. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, एवढं लक्षात ठेवा म्हणजे या आकड्याचं वजन कळेल.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. एक फॅन पूर्ण वेगानं चालवण्याऐवजी तसेच दोन निम्म्या वेगानं चालवले, तर हवा जवळपास तेवढीच जाते. दोघांचा मिळून आवाज एकाच्या आवाजापेक्षा फक्त ३ डेसिबलनं वाढतो, पण वेग निम्मा झाल्यानं १५ कमी झालेले असतात. म्हणजे फॅन वाढवूनही आवाज १२ डेसिबलनं घटला. एका बैलानं ओढायची गाडी दोघांनी ओढली की दोघांनाही दम लागत नाही, तसं.

पिना बघा, नाहीतर सगळं मुसळ केरात

फॅनच्या वायरच्या टोकाला तीन पिनांचा किंवा चार पिनांचा कनेक्टर असतो. चार पिनांचा म्हणजे पीडब्ल्यूएम. त्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या वायरीवरून "किती पळ" हा इशारा सेकंदाला २५ हजार वेळा जातो. हा वेग माणसाच्या कानाच्या पल्ल्याबाहेरचा, त्यामुळे त्याचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तीन पिनांच्या फॅनचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतात. तो फार खाली नेला की फॅन अडखळतो किंवा सुरूच होत नाही. नवीन घेताय तर चार पिनांचाच घ्या. त्यात कंजुषी करण्यासारखं काही नाही.

तीन पिनांचा फॅन चार पिनांच्या हेडरवर बसतो, आणि फसगत होते ती इथेच. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांत, तो हेडर पीडब्ल्यूएमवर असेल तर बिचारा फॅन इशारा समजत नाही आणि कायम पूर्ण वेगानं पळतो. तिथे जाऊन डीसी, म्हणजे व्होल्टेजनं वेग बदलायची पद्धत, निवडलं की लगेच शांत. मेहुण्याच्या कॅबिनेटमध्ये दुसरा अर्धा आवाज एवढ्यानंच गेला.

तिसरी जात म्हणजे मोठा पांढरा मोलेक्स कनेक्टर, जो थेट एसएमपीएसला लागतो. स्वस्त कॅबिनेटसोबत आलेले फॅन पुष्कळदा असेच असतात. त्यांचा वेग मदरबोर्डाच्या हातात नसतो, जन्मभर एकाच चालीनं पळतात. ते काढून टाका.

हेडर कमी पडले तर दोन फॅन एका हेडरला जोडणारी वाय आकाराची वायर मिळते. बहुतेक मदरबोर्डांचे हेडर १ अँपिअरपर्यंत झेपवतात. फॅनच्या मागच्या कागदावर अँपिअर छापलेले असतात, साधा फॅन ०.१ ते ०.३ घेतो. बेरीज करून बघा. दोन-तीन साध्या फॅनना अडचण येत नाही.

खोक्यावरचे आकडे आणि त्यातली गंमत

दुकानात जाऊन "शांत फॅन द्या" म्हटलं की समोरून "लाइटवाला देऊ का?" हा प्रश्न येतोच. रंगीत दिव्यांना माझा विरोध नाही, पण त्याच पैशात बेअरिंग आणि मोटर हलकी मिळते हे अनुभवाचं. घ्यायचेच असतील तर एक काळजी घ्या: दिव्यांचा तीन पिनांचा ५ व्होल्टचा कनेक्टर आणि चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर हे वेगळे. ५ व्होल्टचे दिवे जबरदस्तीनं १२ वर खुपसले तर कायमचे जातात.

डेसिबलचा आकडा सगळ्यात मोठा छापतात आणि तोच सगळ्यात कमी कामाचा. एक कंपनी बंदिस्त ध्वनिरोधक खोलीत एक मीटरवरून मोजते, दुसरी कसं मोजते ते सांगतच नाही, काही कंपन्या डेसिबल सोडून सोन हे एकक छापतात. एका कंपनीचे दोन फॅन आपसात तोलायला हा आकडा चालतो, दोन कंपन्यांचे तोलायला नाही. शिवाय तो बहुधा पूर्ण वेगाचा असतो, आणि आपण फॅन पूर्ण वेगानं चालवणारच नाही आहोत.

मी काय बघतो ते सांगतो. सगळ्यात आधी सर्वांत कमी फेऱ्या किती. २००-३०० पासून सुरू होणारा फॅन रात्री खरोखर ऐकू येत नाही. किमानच ८००-९०० असेल तर तो हळू जाणारच नाही, मग खोक्यावर काही लिहिलेलं असो. नंतर बेअरिंग. साधं स्लीव्ह बेअरिंग नवीन असताना अगदी शांत असतं, पण आतलं तेल आटलं की खरखरतं. छताला किंवा तळाला आडवा लावला तर आणखी लवकर. बॉल बेअरिंग दणकट, मात्र त्याची बारीक घरघर पहिल्या दिवसापासून. घरच्या कॉम्प्युटरला फ्लुइड डायनॅमिक किंवा त्याच्या जातीचं बेअरिंग हवं.

मग हवेचे दोन आकडे. सीएफएम म्हणजे समोर काही अडथळा नसताना मिनिटाला किती घनफूट हवा जाते. मिलिमीटर पाणी या एककातला आकडा म्हणजे अडथळ्यातून हवा रेटायची ताकद, स्टॅटिक प्रेशर. पुढे धुळीची जाळी असेल, किंवा फॅन कूलरच्या दाट पत्र्यांवर बसणार असेल, तर दुसरा आकडा महत्त्वाचा. २ च्या आसपास किंवा वर असला की मी समाधानी. आपल्याकडे जाळीशिवाय भागत नाही. त्यामुळे पुढच्या बाजूला नुसता सीएफएमवाला फॅन लावला की तो नुसता गरगरतो, हवा आत येत नाही.

नावं सांगायची तर ऑस्ट्रियाची नॉक्टुआ या धंद्यातली जुनी आणि महाग. तिचा एनएफ-ए१२एक्स२५ हा १२० चा फॅन २०१८ पासून लोक मापदंड म्हणून धरतात. नऊ पाती, जास्तीत जास्त २,००० फेऱ्या. त्याच कंपनीची रिडक्स नावाची करडी मालिका स्वस्तात पडते. आर्क्टिकचा पी१२ पीडब्ल्यूएम पाच पात्यांचा, २०० ते १,८०० फेऱ्यांचा, आणि पाचाच्या खोक्यातही येतो. जर्मनीची बी क्वाएट नावाप्रमाणे याच कामाची. माझं मत विचाराल तर पैसे मर्यादित असतील तेव्हा एक महागडा फॅन घेण्यापेक्षा तीन मधल्या भावाचे घ्या आणि सावकाश चालवा. महागडा एकच घ्यायचा असेल तर तो प्रोसेसरवर, कारण तिथला फॅन सगळ्यात जास्त राबतो.

प्रोसेसरवरचाच विषय निघाला म्हणून: सोबत फुकट आलेला छोटा कूलर हाच कित्येक घरांत खरा गुन्हेगार असतो. कॅबिनेटमध्ये चार नवे फॅन लावून तो तसाच ठेवला तर पैसे पाण्यात. त्याच्या जागी १२० च्या फॅनचा उभा टॉवर कूलर बसवा. हे कूलर बहुधा १५५-१६० मिलिमीटर उंच असतात, तेव्हा घ्यायच्या आधी मदरबोर्डापासून बाजूच्या झाकणापर्यंत जागा मोजा. शांततेसाठी म्हणून पाण्याचा कूलर घ्यायचा मोह नवख्यानं टाळावा. त्याला फॅन असतातच, वर पंपाची गुणगुण.

हवेला वाट

साध्या घरगुती कॅबिनेटला पुढे दोन फॅन आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुरतं. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटींमधून धूळ ओढली जाणार नाही, जे काही यायचं ते जाळीतून येईल. यार्डात हे फार उपयोगी पडलं. पिवळा थर आता पुढच्या जाळीवर बसतो आणि मुनीमजी दर शनिवारी ती झटकतात.

पुढचं तोंड काचेनं किंवा सपाट प्लास्टिकनं बंद असलेली कॅबिनेट दिसायला छान. त्यांत फॅन नाक दाबून पळायला लावल्यासारखे होतात. तसलं असेल तर नवे फॅन घेण्याआधी पुढची पट्टी काढून तासभर चालवून बघा. तापमान धाडकन खाली आलं तर दोष फॅनचा नव्हताच. टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबलं असेल तर तिथेही तेच. मागे निदान वीतभर जागा सोडा.

फॅनची हवा कुठून कुठे जाते? बऱ्याच फॅनच्या चौकटीवर बाण कोरलेले असतात. नसतील तर ज्या बाजूला मोटरला धरणाऱ्या दांड्या आणि कागद चिकटवलेला असतो, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. बसवून झाल्यावर खात्री करायची तर बाहेरून जाळीसमोर उदबत्ती धरा, धूर सांगतो. राख आत पडू देऊ नका.

बसवताना

फॅनसोबतचे जाड स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात, म्हणून पहिल्यांदा जोर लागतो. चारही अर्धे-अर्धे लावून मग आवळा, आणि फार आवळू नका. रबराच्या खुंट्या मिळाल्या तर त्या वापरा. पातळ पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये त्यांचा फरक लगेच कळतो. वायरी मागून नेऊन टायनं बांधा.

आवाज तरीही आला तर एक प्रयोग करा. फॅन सोडवून, वायर तशीच ठेवून, चौकट हातात धरून त्याच वेगानं फिरू द्या. बोटं पात्यांपासून लांब. हातात शांत आणि कॅबिनेटवर बोंबलणारा फॅन असेल तर दोष पत्र्याचा किंवा जाळीचा. हवा ओढायच्या बाजूला ठोकून पाडलेल्या भोकांची जाळी पात्यांना अगदी चिकटून असली की पात्यांचा सूर चढतो. चार-पाच मिलिमीटर अंतर देणारी चौकट मध्ये घातली तरी उतरतो.

फॅनला चाल लावणे

यावर सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण चांगला फॅनही चुकीच्या चालीवर डोकं उठवतो. बायोसमध्ये जा. असूसमध्ये त्याला क्यू-फॅन म्हणतात, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन. तापमानाप्रमाणे वेग किती, याचा एक आलेख असतो, ज्याला सगळे फॅन कर्व्ह म्हणतात. विंडोजमध्येच करायचं असेल तर फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे.

कारखान्यातून आलेला कर्व्ह घाबरट असतो. ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणभर ६० वर उडी मारतो, फॅन भुंकतो, पुन्हा शांत होतो, पुन्हा भुंकतो. सलग आवाजाची सवय होते, या वर-खालीची होत नाही. म्हणून दोन गोष्टी करा. ६० अंशांपर्यंत रेघ जवळजवळ सपाट ठेवा. आणि वेग वाढवण्याआधी थांबायचा वेळ, जो स्टेप अप किंवा हिस्टेरेसिस अशा नावाखाली मिळतो, पाच-सात सेकंदांपर्यंत न्या. माझ्या घरचा प्रोसेसर फॅन ५० अंशांपर्यंत ३० टक्के, ६५ ला ४०, ७५ ला ६०, आणि ८५ ला पूर्ण. तुमचा वेगळा येईल. या आकड्यांनी सुरुवात करा, अर्धा तास जड काम द्या, वहीतल्या आकड्यांशी ताडा आणि मग हलवा.

आता सुराकडे. प्रत्येक कॅबिनेट-फॅनच्या जोडीत एक-दोन वेग असे असतात की तिथे पत्रा साथीला बसतो. फॅन ५० टक्क्यांवरून पाच-पाच टक्क्यांनी खाली आणत जा आणि कुठे गुणगुण एकदम वाढते ते ऐका. ती जागा सापडली की कर्व्ह त्या वेगावर थांबणार नाही असा बघा. त्याच्या खाली राहा किंवा झटकन ओलांडून वर जा. दुसरी गंमत दोन सारख्या फॅनची. एक १,००० नं आणि दुसरा १,०३० नं फिरला तर सात पात्यांच्या हिशेबानं सेकंदाला साडेतीन वेळा आवाज फुगतो-ओसरतो. न जुळलेल्या दोन तारा एकदम छेडल्यावर जसं डुलतं तसंच. तिथे एकाचा वेग शंभर-दोनशे फेऱ्यांनी मुद्दाम वेगळा ठेवा, डुलणं जातं.

तो कोमल रिषभवाला फॅन मी आधी गंमत म्हणून ८९० वर आणला. ८९० ला हिशेबानं नेमका काळी चारचा सा लागतो! मुलीनं एक दिवस त्याच्यावर रियाजही केला. बाईंनी लगेच ओळखलं आणि "तंबोरा दोन धरलेत का?" विचारलं. मग सरळ १४० चा फॅन लावून ५५० वर ठेवला.

फरक मोजायला मोबाइलवरचं डेसिबलचं ॲप चालतं, पण फक्त आधी-नंतर बघायला. त्याचा आकडा खरा धरू नका. मोबाइल दोन्ही वेळा तुमच्या डोक्याच्या जागी ठेवा, कॅबिनेटला चिकटवून नको. रात्री अकरानंतर मोजा, रस्त्यावरची वाहनं थांबल्यावर.

सगळं मनासारखं जमलं की बायोसच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बायोस अपडेट केलं, किंवा मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली, की कर्व्ह पुसला जाऊन कारखान्याचा परत येतो. यार्डात तसं झालं तेव्हा मुनीमजींना वाटलं फॅन बिघडले, आणि त्यांनी नव्यांची ऑर्डर दिलीसुद्धा. ते दोन फॅन अजून कपाटात खोक्यात पडून आहेत, सांगलीत कुणाला १२० चे हवे असतील तर बोला.